भरलेला कंदील

विहीर खणणाऱ्यांच्या घरचं सगळं उलटं. पाऊस लागला की लोक हसतात आणि हे हात बांधून बसतात. पाऊस चुकला की लोक आभाळाकडं बघतात आणि हे पहारीला धार लावतात. "आपली चूल दुसऱ्याच्या तहानेवर पेटते," असं थोरला म्हणायचा, आणि म्हणून झालं की जीभ चावायचा.

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा चुकला. ओढ्याच्या वाळूत खड्डे करून बायका वाटीवाटीनं पाणी भरायला लागल्या. गुरांच्या बरगड्या लांबून मोजता येऊ लागल्या. अशात एका सकाळी बागवाला अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या फळबागेची पानं आतल्या बाजूला वळली होती, आणि त्याचं तोंडही.

"जुनी विहीर उघडायची म्हणतो," तो जमिनीकडं बघत बोलला. "अजून चार हात खाली गेलो तर झरा लागेल."

घरात तीन माणसं. आई दारात बसून जुन्या दोराचे पीळ सोडवत होती. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, भांडी घासत होती. धाकटा पहारीच्या टोकावर दगड घासत होता. तिघांचेही हात थांबले. ती विहीर सहा वर्षं फळ्यांनी झाकलेली होती. त्या विहिरीतून थोरल्याला आकड्यानं वर काढलं होतं.

"दुसरं कुणी मिळालं नाही?" आईनं विचारलं.

"तिघांना विचारलं. त्या विहिरीचं नाव काढलं की सगळ्यांची पाठ दुखायला लागते."

"मी उतरतो," धाकटा म्हणाला.

बागवाला निघाला, फाटकापाशी वळला. "एवढंच की, कंदील या खेपेला नीट बघून घ्या." हे तो वहिनीकडं न बघता म्हणाला. बघून म्हणाला असता तर एक वेळ बरं झालं असतं.

वहिनीनं पुन्हा राखेत हात घातला. आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "कंदील मी भरते," ती मोठ्यानं म्हणाली. "सहा वर्षं मीच भरते. ज्यानं त्यानं आपापली भांडी घासावी."

जुनी, झाकलेली विहीर उघडली की माणसाच्या आधी कंदील उतरवायचा, ही या धंद्याची पहिली शिकवण. तळाशी हवा कोंडलेली असते. तिला वास नसतो, रंग नसतो, आवाज नसतो. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. कंदील विझला तर पानांनी भरलेली फांदी दोराला बांधायची, अर्धा दिवस खालीवर करून हवा ढवळायची, वरून पाणी शिंपडायचं, आणि मग पुन्हा कंदील. कंटाळवाणं काम. हात भरून येतात आणि खणल्याचं समाधान नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी विहिरीच्या काठावर दोघे भाऊच होते. रहाटावर दोर धरणारा म्हातारा दोरवाला फळ्या आणायला गेला होता. धाकट्यानं कंदील सोडला. निम्म्यात गेला आणि विझला. थोरला पाठमोरा बसून पायाला फडकं गुंडाळत होता.

"काय रे, जळतोय का?"

आदल्या दिवशी एक विहीर, त्याच्या आदल्या दिवशी एक विहीर. धाकट्याच्या खांद्यात ठणका होता. अर्धा दिवस फांदी हलवायची या विचारानंच त्याला वैताग आला. खालून वर कंदील ओढताना तो म्हणाला, "जळतोय. काठावर आल्यावर वाऱ्यानं गेला."

थोरल्यानं वळूनही पाहिलं नाही. भावाचा शब्द. दोरात पाय अडकवून तो उतरला. बारा हात गेला, पंधरा गेला, मग खालून काहीच बोलला नाही. धाकट्यानं वाकून पाहिलं तर थोरला दमलेल्या माणसासारखा दोराला टेकला होता. मग दोरातून पाय निसटला.

धाकट्यानं हाका मारल्या. माणसं लांबून धावत यायला लागली. ती पोचायच्या आत त्यानं एक गोष्ट केली. कंदिलाचं झाकण फिरवलं आणि गळ्यापर्यंत भरलेलं तेल मातीच्या ढिगामागं ओतून दिलं. वर पायानं माती सारली. ते त्यानं का केलं हे त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. हातानं केलं. डोकं नंतर पोचलं.

"कंदील सोडला नव्हता?" लोकांनी विचारलं.

"तेल नव्हतं त्यात. दादा म्हणाला, राहू दे, असाच उतरतो."

कंदील भरायचं काम वहिनीचं होतं. लग्न होऊन आल्यापासूनचं. सगळ्यांनी फक्त तिच्याकडं पाहिलं. आईनं मात्र त्या दिवसापासून तिला "दिवेवाली" म्हणायला सुरुवात केली.

वहिनी आधी गाणारी बाई होती. पाटी उचलताना गायची, दोर ओढताना गायची. दोरवाला म्हणायचा, ही गायला लागली की माती हलकी होते. तिची एक ओवी धाकट्याला पाठ होती:

खोल खोल विहिरी गं, तुला किती लावू दोर
तळाशी माझं सुख, वर जिवाला घोर

त्या दिवसानंतर ती गायली नाही. तिचा भाऊ दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा तिनं त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. "ज्या घरचा दिवा माझ्या हातानं गेला, ते घर सोडून कुठं येऊ?" धाकटा तेव्हा मागच्या भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं कान झाकले नाहीत. तोंडही उघडलं नाही.

फळ्या काढल्या तेव्हा विहिरीतून जुना, ओला गारवा वर आला. दोरवाल्यानं रहाट बसवला, चाकाला तेल दिलं, दोर तीनदा ताणून पाहिला. वयानं साठीचा, पण हात अजून लोखंडी. जीभ त्याहून.

"धाकट्या, तुझ्या वजनानं दोर तुटायचा नाही, पण माझ्या जांभयांनी तुटेल. लवकर आटप."

वहिनी पाट्या घेऊन आली होती. गाळ वर आला की डोक्यावर घेऊन लांब टाकायचा, हे तिचं काम. आईनं सकाळी कंदील भरला होता, पण आईचे हात थरथरतात. झाकण सैल राहिलं आणि अर्धं तेल वाटेतच सांडलं होतं. दोरवाल्यानं कंदील कानाशी हलवला.

"अर्धाच आहे. मध्येच गेला तर कळायचं कसं, हवेनं गेला का तेलानं?"

बागेतल्या खोपटात तेलाची बाटली होती. वहिनी काही न बोलता गेली, बाटली घेऊन आली आणि उकिडवी बसून कंदील भरू लागली. एक थेंब बाहेर पडला नाही. भरून झाल्यावर तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं, झाकण घट्ट फिरवलं आणि कंदील दोरवाल्यापुढं धरला.

दोरवाल्यानं तो घेतला. झाकण उघडलं. सगळं तेल मातीवर ओतलं.

"राग मानू नकोस बाई," तो म्हणाला. "तुझा हात लागलेला दिवा मी खाली सोडणार नाही. माझा जीव घाबरतो."

मग त्यानं स्वतः बाटलीतून कंदील पुन्हा भरला. वहिनीनं सांडलेल्या तेलावर माती टाकली, हात झाडले आणि पाटी उचलली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तेच धाकट्याला बघवलं नाही. आपल्यावर वाजवीच होतंय असं मानणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता.

कंदील निम्म्यातच विझला. तो दिवस फांदी हलवण्यात गेला. धाकट्यानं ती कुणालाच धरू दिली नाही. सकाळपासून ऊन कलेपर्यंत एकटा खालीवर करत राहिला. तळव्यांना फोड आले, फुटले. संध्याकाळी कंदील तळापर्यंत जाऊन जळत राहिला.

"अर्ध्या दिवसाचं काम होतं," दोरवाला म्हणाला. "तू काय त्या विहिरीला पंख्यानं वारा घालत होतास?"

रविवारी सगळे प्रार्थनाघरात गेले. पत्र्याचं छप्पर, पांढरी भिंत, भिंतीवर लाकडी क्रूस, लांबलांब बाकं. इथलाही दिवा पूर्वी वहिनी लावायची. थोरला गेला त्या महिन्यात बायकांनी ते काम दुसरीकडं दिलं. तिला कुणी सांगितलंही नाही, फक्त ती आली तेव्हा दिवा आधीच लागलेला होता. आता ती शेवटच्या बाकावर, दाराशी बसते.

पाळक पूर्वी गाडीवान होता. चाक पायावरून गेलं, एक पाय आखूड झाला, मग तो शिकला आणि पाळक झाला. बोलतो अजून गाडीवानासारखाच. त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला बाकाबाकावरून हातोहात फिरला. दोरवाला डुलकीतून जागा होऊन प्याला. आई प्याली. वहिनीनं दोन्ही हातांनी पेला धरला, डोळे मिटून ओठ किती तरी वेळ हलवले, मग एक घोट घेतला. ती काय मागते हे धाकट्याला माहीत होतं. जे तिनं केलंच नव्हतं त्याची ती माफी मागत होती, आणि देव वरून ऐकत होता, आणि तो शेजारच्या बाकावर बसून ऐकत होता.

पेला त्याच्याकडं आला. त्यानं तो पुढं दिला. सहा वर्षं देत होता तसा.

सोमवारी दुपारी पाळक लंगडत विहिरीवर आला. दोरवाला झाडाखाली आडवा झाला होता, वहिनी लांब जुन्या मातीच्या ढिगापाशी होती. पाळक धाकट्याशेजारी कठड्यावर बसला आणि आखूड पाय पुढं पसरला.

"दात दुखतो का रे तुझा?"

"नाही. का?"

"सहा वर्षं पेला तुझ्या हातून कोरडाच पुढं जातो. म्हटलं दुखत असेल काही तरी."

धाकटा विहिरीत बघत राहिला. मग त्यानं सांगितलं. कंदील निम्म्यात विझला इथपासून तेल मातीत ओतलं इथपर्यंत. आवाज न चढवता, एखाद्या परक्या माणसाचं सांगावं तसं. झाल्यावर पाळक गुडघा चोळत बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"त्या बाईनं माझ्यापुढं गुडघे टेकलेत," तो शेवटी म्हणाला. "माझ्यामुळं नवरा गेला, मला माफी आहे का, म्हणून. मी तिला आहे म्हणालो. तुझ्या पापाची माफी मी तिला दिली, लेका."

"मला माहीत आहे."

"आणि तू? तू काय लावून घेतलंस स्वतःला?"

"लग्न केलं नाही. जिथं कुणी उतरत नाही तिथं मी उतरतो. सगळ्यात जड पाटी मी भरतो."

"फिटलं?"

"नाही."

"फिटायचं नाही. खणत खणत तू पृथ्वीच्या पलीकडं निघालास तरी फिटायचं नाही. सहा वर्षं स्वतःला फटके मारतोयस. प्रभूनं खाल्लेले कमी पडले का?"

"ते सगळ्यांसाठी. माझ्यासारख्यासाठी कसं असेल? मला तर पस्तावाही धड होत नाही. नुसती भीती वाटते, कळेल म्हणून."

"भीती आणि पस्तावा एका दोरानं उतरत नाहीत. एकाला सोडल्याशिवाय दुसरा खाली जात नाही." पाळकानं घसा साफ केला. "ऐक. त्यानं क्रुसावर जीव दिला तेव्हा तुझा हा कंदील त्याला दिसत नव्हता असं समजू नकोस. दिसत होता. दिसत असून दिला. तुझ्यावरचा आरोप त्यानं स्वतःवर घेतला. आता तू तो परत मागून घेऊन बसलायस, जणू काही वडिलोपार्जित जमीन."

धाकट्याला हसू आलं नाही. मग त्याच्या मनात एक पळवाट आली आणि ती त्यानं लपवली नाही.

"देवानं माफ केलं, तर मग कुणाला सांगायची गरजच काय?"

पाळकानं त्याच्याकडं पाहिलं. गाडीवान बैलाकडं बघतो तसं. "माफ झालं नसतं तर लपवायला काही कारण तरी होतं. आता कशासाठी लपवणार? शिक्षेला भिऊन? ती तर झाली. आणि हे बघ, त्या बाईच्या डोक्यावर तुझी पाटी आहे. देव तुला मोकळं करेल. तिच्या डोक्यावरची पाटी तुलाच उतरवावी लागेल. उतरवलीस म्हणून ती तुझ्या पाया पडेल असं वाटत असेल तर तेही डोक्यातून काढ."

तो उठला आणि लंगडत निघून गेला. आशीर्वादाचा हात ठेवला नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील तळाशी स्वच्छ जळत होता. धाकटा उतरला. बारा हात, पंधरा हात. पंधराव्या हाताला त्याचे डोळे आपोआप मिटले. मग पाय गाळात रुतले. वर आभाळ ताटाएवढं. कंदिलाची ज्योत हलत नव्हती. इथंच थोरला पडला होता, तोंड गाळात, एक हात डोक्याखाली, झोपल्यासारखा.

धाकट्यानं पहार उचलली, दोन घाव घातले आणि तिसरा घालता येईना. तो गाळात बसला. "दादा," तो म्हणाला, "कंदील विझला होता." एवढंच मोठ्यानं म्हणायचं होतं. सहा वर्षांत एकट्यानंही तो हे मोठ्यानं बोलला नव्हता. मग तो देवाशी बोलला. प्रार्थनाघरातले शब्द त्याला आठवले नाहीत. तो म्हणाला, "मी मारला. तुला माहीत होतं. तरी घेतोस का मला?"

वरून आवाज आला नाही, उजेड पडला नाही. फक्त पाठीत काही तरी सुटलं. सहा वर्षं दोन खांद्यांच्या मध्ये एक मूठ आवळलेली होती. इतकी सवयीची की ती आपल्या हाडाचीच आहे असं त्याला वाटायचं. ती उघडली. त्याला पहिल्यांदा थोरल्याचा मेलेला चेहरा न आठवता जिता चेहरा आठवला, जीभ चावून हसणारा. आणि तो रडला, लहानपणी रडायचा तसा, नाक गळेपर्यंत.

"झोपलास का रे?" वरून दोरवाल्याची हाक आली.

"नाही."

"मग रडतोस का? विहिरीतनं आवाज दुप्पट येतो, बाबा."

"वर ओढ मला."

तो काठावर आला तेव्हा वहिनी रिकामी पाटी घेऊन उभी होती. अंगावरचा गाळही त्यानं पुसला नाही. पुसायला थांबलो तर धीर जाईल हे त्याला ठाऊक होतं.

"वहिनी, त्या दिवशी कंदील भरलेला होता. तुम्ही भरला होता. मी खाली सोडला, तो विझला, आणि मी दादाला जळतोय म्हणून सांगितलं. कंटाळा आला होता मला. नंतर तेल मी ओतून दिलं. तिथं, ढिगामागं. तुमची काही चूक नव्हती."

रहाटाचं चाक थोडं फिरून थांबलं. दोरवाल्याच्या हातातला दोर सैल झाला.

वहिनीनं त्या ढिगाकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "किती भरलेला होता?"

"गळ्यापर्यंत."

"मला आठवत होतं," ती हळू म्हणाली. "मी भरला होता. पदरानं तोंड पुसलं होतं. पदराला डाग पडला होता, तो मी दुसऱ्या दिवशी पाहिलाही. पण तुम्ही सगळे म्हणालात, आणि मला माझाच हात खोटा वाटायला लागला. म्हटलं, डाग आदल्या दिवशीचा असेल." ती थांबली. "सहा वर्षं रोज सकाळी मी तो कंदील डोक्यात भरून बघते. रोज रिकामा निघतो."

"वहिनी—"

"वहिनी म्हणू नका मला."

तिनं पाटी खाली ठेवली. आपटली नाही, नेहमी ठेवायची तशीच ठेवली, कडेला, पालथी. आणि घराच्या वाटेला लागली.

मग दोरवाल्याला वाचा फुटली. त्यानं धाकट्याच्या आईपासून आज्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. शिव्या देताना त्याचा आवाज चिरकत होता. ज्याची स्वतःची चूक जवळ असते त्याची शिवी जास्त मोठी असते. तीन दिवसांपूर्वी मातीवर ओतलेल्या तेलाचा ओलसर डाग त्याच्या पायाशीच होता. धाकटा ऐकत उभा राहिला. शिव्या लागल्या, नाही असं नाही. पण पूर्वी नुसतं कुणी "कंदील" म्हटलं तरी तो शब्द दिवसभर त्याच्या आत रुतून बसायचा. आज त्या शिव्या अंगावर पडून खाली गळत होत्या. आत शिरून बसायला त्यांना जागा नव्हती. आतली जागा आता दुसऱ्या कुणाची होती.

"झालं?" त्यानं विचारलं.

"नाही झालं. तुझा दोर मी धरला असता, मेलास तरी चालेल म्हणून. पण माझा जीव मी तुझ्या हातात कसा देऊ? तू वर उभा राहून 'जळतोय' म्हणशील, आणि मी खाली जाईन." त्यानं दोर गुंडाळायला घेतला. "ज्याचा शब्द गेला त्याचा हा धंदा गेला. दुसरं काही तरी बघ."

म्हातारा खरं बोलत होता.

तो घरी पोचला तेव्हा वहिनीनं बोचकं बांधलेलं होतं. दोन लुगडी, एक फणी, थोरल्याचं पायाचं फडकं. आई दारात बसली होती आणि तिच्या मांडीवर सोडवलेल्या पिळांचा गुंता तसाच पडला होता. वहिनीनं तिला सांगून झालं होतं.

"सासूबाई, जाते," वहिनी म्हणाली. "भावाकडं. मला इथं राहायचं काही कारण नाही. सहा वर्षांपूर्वीही नव्हतं."

आईनं मांडीवरचा गुंता मुठीत धरला.

वहिनी धाकट्यापाशी थांबली. "देवानं सोडलं तुम्हाला?"

"हो."

"तोंडावरून दिसतंय. हलके झालात." तिचा आवाज सुतासारखा सरळ होता. "चांगलं झालं. तो देव आहे, त्याला जमतं. मला जमेल तेव्हा जमेल. सांगायला मी येणार नाही, आणि विचारायला तुम्ही येऊ नका."

ती गेली. वाटेवर एकदाही वळली नाही. तिची चाल मात्र बदलली होती. मान ताठ, पावलं लांब, डोक्यावरचं ओझं काढल्यावर काही वेळ माणूस चालतो तशी, थोडी झोक जाणारी.

पुढच्या रविवारी धाकटा प्रार्थनाघरात सगळ्यांपुढं उभा राहिला आणि तेच शब्द पुन्हा बोलला. ज्यांनी वहिनीकडून दिवा काढून घेतला होता त्या बायकांनी माना खाली घातल्या; एक उठून बाहेर गेली. कुणीतरी पुटपुटलं, "आता सांगून काय उपयोग?" दोरवाला त्या दिवशी झोपला नाही. पेला आला. धाकट्याच्या शेजारचा माणूस सरकून बसला, तरी पेला आला. तो प्याला. गोड होता, किंचित आंबूस. त्या घोटावर आपला काहीच हक्क नाही हे त्याला माहीत होतं, आणि तो आपल्यासाठीच आहे हेही.

विहिरीचं काम दोरवाल्यानं दुसरी माणसं घेऊन पुरं केलं. तीन हातांवरच झरा लागला. धाकटा आता रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातो. तिथं कुणाचा जीव त्याच्या शब्दावर टांगलेला नसतो. घामानं ओला होऊन येतो, पडल्या पडल्या झोपतो. कधी कधी पहाटे जाग येते आणि भाऊ आठवतो. दुखतं. पण ते दुखणं आता नुसतं दुखणं असतं, त्याच्या मागून कुणी बोट दाखवत येत नाही.

आई मात्र झोपत नव्हती. खात नव्हती. दिवसभर दारात बसायची. एका संध्याकाळी तो हात धूत असताना ती म्हणाली, "मला हे कळू दिलंस कशाला? चार वर्षांत न कळताच मेले असते."

त्यानं हात पुसले.

"तिला ताप आला होता, थोरला गेला त्या साली. मी पाणी नाही दिलं. म्हटलं, दिवेवाली, उठ, तुझं तू घे. सरपटत गेली माठापर्यंत." आईची बोटं पीळ नसलेल्या हवेत पीळ सोडवत होती. "तुझं बरं आहे. तुला तुझं पाप ठाऊक होतं. तू त्याच्यापुढं नेऊन टाकलंस. मला तर वाटत होतं, मी देवाच्या बाजूनं बोलतेय."

"तेही नेऊन टाकता येतं, आई."

"कसं?"

त्याला पाळकासारखं बोलता येत नव्हतं. "मला जसं आलं तसं," तो म्हणाला. "आधी त्याला सांग. मग तिला."

"ती येऊ नका म्हणाली."

"मला म्हणाली. तुला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. सहा कोसांची वाट, धूळ, सावली कुठंच नाही. आई दर शंभर पावलांना बसायची. शेवटचा कोस त्यानं तिला पाठीवर घेतलं. म्हातारी हलकी झाली होती. गाळाची एक पाटी यापेक्षा जड असते.

वहिनीच्या भावाचं शेत वाटेलाच होतं. वहिनी तिथं वाकून खुरपत होती. तिनं दोघांना लांबूनच पाहिलं. हातातलं खुरपं थांबलं, पुन्हा सुरू झालं. धाकटा रस्त्यावरच थांबला. आई एकटी बांधापर्यंत गेली आणि तिथं मटकन बसली.

"माझं चुकलं गं," ती म्हणाली. आणखी काय काय म्हणाली ते रस्त्यावर ऐकू आलं नाही. ताप, माठ, असे शब्द तेवढे आले. वहिनी खुरपत राहिली. एक सरी संपली, दुसरी लागली. आईचं बोलणं संपलं. ऊन डोक्यावर आलं होतं आणि म्हातारीचा पदर खाली घसरला होता, पांढरे विरळ केस उघडे पडले होते.

सरी बांधाशी येऊन संपली तेव्हा वहिनी उभी राहिली. कमरेवर हात ठेवला. सासूकडं पाहिलं.

"उन्हात बसू नका," ती म्हणाली.

आणि पाठ फिरवून पुढच्या सरीला लागली.

धाकटा आईपाशी आला. आईचे डोळे वाहत होते आणि चेहऱ्यावर काही उमजत नव्हतं.

"म्हणजे माफ केलं का रे तिनं?"

"नाही, आई. उन्हात बसू नको म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच," धाकटा म्हणाला, आणि तिला पाठीवर घ्यायला तिच्यापुढं खाली बसला. "ऊठ."